गुडघा किती वेळात सुजला?

खोडाळ्यात माझ्या मामूंचं किराणा दुकान आहे. मोखाडा तालुक्यात एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही आणि दुकानापुढे नुसता लाल चिखल होतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी माझा मामेभाऊ टेम्पोतून तांदळाचं पोतं उतरवत होता. पाय टेम्पोच्या चाकोरीत रुतला, पोतं एकीकडे कललं आणि अंग दुसरीकडे फिरलं. गुडघ्यात ‘टच्च’ असा आवाज झाला. तो आवाज आपण कानांनी ऐकला, असं तो आजही सांगतो. जोहरच्या नमाजनंतर ही गोष्ट घडली आणि असरची अजान होईपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

घरात सगळ्यांचं एकमत झालं की पाय मुरगळला आहे. मामींनी मोहरीचं तेल गरम केलं. शेजारच्या वाडीतून हाड बसवणारे एक बुजुर्ग आले, त्यांनी अर्धा तास चोळलं, पाय दोन-तीन वेळा झटकला आणि घट्ट पट्टी बांधून दिली. त्यांची नियत चांगली होती आणि त्यांनी पैसेही घेतले नाहीत. दहा-बारा दिवसांत सूज उतरली आणि भाऊ पुन्हा पोती उचलायला लागला. महिन्याभराने दुकानाची पायरी उतरताना गुडघा ‘सटकला’ आणि पुन्हा सुजला. असं चार वेळा झालं. मधल्या काळात कोणी सांगितलं म्हणून गोळ्या झाल्या, एका ठिकाणी गुडघ्यात इंजेक्शन झालं. पाचव्या महिन्यात तो नाशिकला आमच्या घरी आला आणि आम्ही त्याला हाडांच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी एमआरआय बघण्याआधी एकच प्रश्न विचारला: “पहिल्या दिवशी गुडघा किती वेळात सुजला होता?”

मी डॉक्टर नाही. पण त्या प्रश्नाने मला जागं केलं. त्यानंतर मी जे विचारलं, वाचलं आणि घरात बघितलं, ते इथे मांडते आहे. पावसाळ्यात आपल्या घराघरांतून असा एखादा गुडघा निघतोच.

गुडघ्यात चार मुख्य लिगामेंट असतात. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या या चिवट दोऱ्या. दोन सांध्याच्या बाहेरच्या अंगाला, उजवी-डावीकडे, आणि दोन सांध्याच्या अगदी आत, एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या. आतल्या दोघींपैकी पुढची, जिला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, ती जेमतेम तीन सेंटीमीटर लांब असते. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि पाय रोवलेला असताना गुडघा पिळला जाऊ नये, ही तिची जबाबदारी. भावाचं हेच लिगामेंट तुटलं होतं. तुटताना आतली रक्तवाहिनीही फाटते, म्हणून सांध्यात रक्त भरतं आणि गुडघा दोन-तीन तासांत टम्म फुगतो. नुसता ताण बसला असेल किंवा आतली गादी थोडी दुखावली असेल, तर सूज सहसा हळूहळू, दुसऱ्या दिवसापर्यंत येते. सर्जनच्या प्रश्नाचा अर्थ एवढाच होता. याला अपवाद आहेत, पण आवाज आला, लगेच सूज आली आणि पायावर भार देववेना, या तीन गोष्टी एकत्र घडल्या तर ‘मुरगळला’ हा शब्द घरात कोणी उच्चारू नये.

आता खरा प्रश्न. कोपर खरचटलं तर खपली धरते आणि आठवड्यात नवी कातडी येते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची लिगामेंटसुद्धा, विशेषतः आतल्या बाजूची, पट्टा लावून सांभाळली तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत स्वतःहून जुळते. मग एसीएल का जुळत नाही? दोन्ही दोऱ्या एकाच धाग्याच्या, कोलॅजेनच्याच.

फरक जागेचा आहे. बाहेरचं लिगामेंट तुटलं की रक्त तिथेच साकळतं. त्या गाठीचा पूल होतो, त्यावरून पेशी एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि नवे तंतू विणतात. एसीएल मात्र सांध्यातल्या वंगणात बुडालेलं असतं. तिथे निघालेलं रक्त त्या पाण्यात पसरतं आणि दुखापतीनंतर सांध्यात वाढणारी विकरं साकळलेली गाठ विरघळवून टाकतात. खोडाळ्याच्या लोकांना हे पटकन समजेल: भर पावसात वाहत्या ओढ्याला मातीचा बांध घालून बघा. माती चांगली असते, माणसंही राबतात, पण बांध धरत नाही.

आणि इथेच सांध्याच्या अस्तराची गोष्ट सुरू होते. गुडघ्याच्या आतून एक पातळ पडदा असतो, त्याला सायनोव्हियम म्हणतात. त्याचा वरचा थर काही ठिकाणी एक-दोन पेशींइतकाच जाड असतो. या पेशी मुख्यतः दोन जातींच्या. एक जात सफाई करणारी, कचरा आणि जंतू गिळणारी. दुसरी वंगण तयार करणारी. निरोगी गुडघ्यात हे वंगण चहाच्या चमच्यात मावेल एवढंच असतं. लिगामेंट तुटलं, रक्त पसरलं, की या दोन्ही जातींच्या पेशी खवळतात. त्या इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशा नावांची रसायनं सोडतात, म्हणजे मदतीसाठी हाका मारतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, रक्तवाहिन्या पाझरतात, पाणी वाढतं, गुडघा गरम होतो. याला आपण सूज म्हणतो, वैद्यकीय मराठीत दाह.

दाह शत्रू नाही, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मोडक्या घराची दुरुस्ती करायची तर आधी पडकी भिंत उतरवावी लागते. या पेशी कोलॅजेन कापणारी विकरं सोडतात ती फाटलेले तंतू साफ करण्यासाठीच. काही दिवसांनी सफाई करणाऱ्या पेशींचाच स्वभाव बदलतो आणि त्या बांधकामाचे निरोप पाठवायला लागतात. पहिला टप्पा संपून दुसरा सुरू झाला तर बरं होण्याची वाट मोकळी होते. तो पहिला टप्पा संपलाच नाही तर? कापणारी विकरं कापतच राहतात. ती मग जुन्या-नव्याचा फरक करत नाहीत. लिगामेंटचे उरलेले धागे आणि हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा, दोन्ही झिजायला लागतात. तुटलेल्या टोकांवर काही आठवड्यांत अस्तराचा एक थर चढतो, त्यातल्या पेशी आकसतात आणि टोकं एकमेकांपासून दूर ओढली जातात.

भावाच्या गुडघ्यात हा पहिला टप्पा दर महिन्याला नव्याने सुरू होत होता. गुडघा सटकला की आत पुन्हा ओरखडा, पुन्हा थोडं रक्त, पुन्हा त्याच हाका. सांध्यात साचलेल्या रक्तातलं लोहसुद्धा या अस्तराला चिडवतं. पहिल्याच संध्याकाळी अर्धा तास जोरात चोळल्याने काय झालं असेल, हे आता सांगता येणार नाही. पण रक्तस्राव चालू असलेला सांधा चोळायचा आणि शेकायचा नसतो, एवढं नक्की. नाशिकला एमआरआयमध्ये लिगामेंटबरोबर गादीही फाटलेली निघाली. सर्जनच्या मते गादी बहुधा पहिल्या दिवशी नाही, नंतरच्या सटकण्यांत गेली असावी. मामींनी हे ऐकलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तेलाची वाटी कपाटाच्या अगदी मागे ठेवली.

सुजेचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. गुडघ्यात पाणी भरलं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप बंद पडतो. तो दुखत नाही, फाटलेलाही नसतो, पण सांध्यातून मज्जारज्जूला निरोप जातो आणि स्नायूला येणारा हुकूम अडवला जातो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात साधं मिठाचं पाणी सोडून संशोधकांनी हे तपासलं आहे. वीस-तीस मिलिलीटर पाणी भरलं, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीपेक्षाही कमी, तरी मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडतो. आधीच लिगामेंट नाही, त्यात गुडघा सावरणारा स्नायूही रजेवर. मग पायरी उतरताना गुडघा सटकतो, सटकला की सुजतो, सुजला की स्नायू आणखी वाळतो. भाऊ नाशिकला आला तेव्हा त्याची उजवी मांडी डावीपेक्षा उघड बारीक दिसत होती. अम्मीला वाटलं पोरगा नीट खात नाही.

तुटलेलं लिगामेंट नुसतं शिवून का टाकत नाहीत, असं मामूंनी सर्जनला विचारलं होतं. प्रश्न साधा होता, पण डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी तो सोडवण्याची खटपट केली आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने १८९५ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली लिगामेंट शिवली होती. विसाव्या शतकात तीच पद्धत पुष्कळ चालली. पण १९७६ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या तरुणांचे पाच वर्षांनंतरचे निकाल छापून आले आणि त्यांत बऱ्याच जणांचे गुडघे पुन्हा ढिले झालेले दिसले. टाके पक्के होते, पण ओढ्यात बांध धरत नव्हता. त्यानंतर सर्जन शिवण्याऐवजी नवं लिगामेंट बसवायला लागले: मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेचा तुकडा काढून हाडात भोकं पाडून ओवायचा. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. मार्था मरे यांनी मात्र शिवण्याचा नाद सोडला नाही. आधी अभियांत्रिकी शिकलेल्या या बाईंनी प्राण्याच्या कोलॅजेनचा स्पंज घेतला, तो रुग्णाच्याच रक्तात भिजवला आणि तुटलेल्या टोकांच्या मध्ये ठेवला, म्हणजे रक्ताची गाठ विरघळणार नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. तो स्पंज उद्या खोडाळ्यात मिळणार नाही, हे उघड आहे. मला त्यातला विचार आवडला. त्यांनी दोरा बदलला नाही, जागा बदलली.

गेल्या काही वर्षांत या दुखापतीचं नाव पेपरांतून घराघरांत पोचलं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे, तीन हजार मीटर स्टीपलचेसचा आपला धावपटू, जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि त्याचं हेच लिगामेंट व गादी दुखावली. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा खेळाडूंभोवती पहिल्या तासापासून डॉक्टर आणि फिजिओ असतात. तरीही परत मैदानात उतरायला त्यांना साधारण नऊ महिने थांबवतात, कारण ओवलेली शीर लिगामेंट व्हायला वेळ घेते आणि मधल्या काही आठवड्यांत ती बसवताना होती त्याहूनही कमजोर असते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका पाहणीत असं आढळलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्याने उतरत गेला. आमच्या भावाने बारा दिवसांत पोती उचलली होती.

मग शस्त्रक्रिया लगेच करायची का? इथे पुन्हा सूज आडवी येते. गुडघा गरम आणि सुजलेला असताना, पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया केली तर आत व्रणाच्या जाळ्या होऊन सांधा आखडण्याची भीती जास्त असते, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सर्जनना माहीत आहे. म्हणून बहुतेक जण सांगतात की आधी सूज उतरवा, पाय पूर्ण सरळ होऊ द्या, मांडीत ताकद आणा आणि मग टेबलावर या. आणि प्रत्येकालाच टेबलावर जावं लागतं असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांची पाहणी झाली. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच पुढे शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते आणि पाच वर्षांनीही व्यायामाच्या गटातल्या जवळजवळ निम्म्यांना चाकू लागला नव्हता. नंतर त्यांचे जुने एमआरआय पुन्हा तपासले तेव्हा आणखी एक नवल दिसलं: फक्त व्यायाम केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचं लिगामेंट दोन वर्षांत पुन्हा जुळलेलं दिसत होतं. एसीएल कधीच जुळत नाही, हे वाक्य डॉक्टरही आता पूर्वीइतक्या ठामपणे म्हणत नाहीत. ज्याचा गुडघा वारंवार सटकतो, ज्याची गादी अडकते, ज्याला वळणं-उड्या मारणं सोडता येत नाही, त्याचा निर्णय वेगळा. तो सर्जनबरोबर बसून घ्यायचा.

गोळ्या आणि इंजेक्शनांबद्दल मला जरा राग आहे, तो लपवत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली सूज-वेदनेची गोळी थोडे दिवस घेण्यात वाईट काही नाही. दुखणं कमी झालं तर माणूस व्यायाम तरी करतो. पण दुकानातून सुट्ट्या गोळ्या घेऊन महिनोन् महिने खाणं म्हणजे पोट आणि मूत्रपिंड पणाला लावणं. रमजानमध्ये सहरीला घाईघाईत गिळलेली गोळी आणि मग दिवसभर पाणी नाही, हे तर फारच वाईट. गुडघ्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सूज जादूसारखी उतरते. संधिवाताच्या काही रुग्णांना त्याचा खरा उपयोग होतो. पण स्टेरॉइड सफाईवाल्यांबरोबर विणकरांचंही काम थांबवतं, म्हणून ताज्या तुटलेल्या लिगामेंटवर ते कोणी सहज टोचून घेऊ नये. भावाला ते टोचल्यावर इतकं बरं वाटलं की दुसऱ्याच दिवशी तो टेम्पोवर चढला. बिनलेबलाच्या पुड्यांतल्या ‘जडीबुटी’ने दोन दिवसांत सूज जात असेल तर त्यातही स्टेरॉइड मिसळल्याचा संशय धरावा.

खोडाळ्यात राहून काय करता येतं? मला वाटायचं काहीच नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांत जे लागतं त्यातलं बरंचसं दुकानाच्या मागच्या खोलीत होण्यासारखं आहे. पाय उशीवर उंच ठेवायचा. फ्रीजमधल्या बर्फाची पुरचुंडी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. क्रेप पट्टी, पण बोटं निळी पडतील अशी घट्ट नाही. कुबडी. तेल नाही, शेक नाही, झटका नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे त्याच दिवशी दाखवायचं. हाड मोडलं का ते आधी बघायला हवं. लिगामेंटचा संशय यायला एमआरआय लागतोच असं नाही. जाणकार डॉक्टर मांडी एका हाताने धरून, नडगी दुसऱ्या हाताने पुढे ओढून सांगू शकतात. गुडघा फारच फुगला असेल तर लगेच ही तपासणी नीट होत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा जायचं, आणि नेमकं तेच आपण टाळतो, कारण तोवर सूज उतरलेली असते आणि बरं वाटत असतं. पुढे जव्हार किंवा नाशिकला पाठवलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. एक इशारा वेगळा: गुडघा लालभडक, गरम, हलवताच येत नाही आणि अंगात ताप असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तिथे एक रात्रही थांबायचं नाही.

फिजिओथेरपिस्टने भावाला शिकवलेला पहिला व्यायाम बघून मामूंना हसू आलं होतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती पाच आकडे मोजेपर्यंत खाली दाबायची आणि सोडायची. एवढंच. पण तो बंद पडलेल्या स्नायूला हाक मारण्याचा प्रकार होता. मग टाच घसरवत पाय दुमडणं, मग पाय सरळ ठेवून उचलणं, मग भिंतीला टेकून अर्धं बसणं. नियम एकच दिला होता: व्यायामाच्या दुसऱ्या सकाळी गुडघा वाढलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी मागे या. मामींनी शिवणाच्या टेपने रोज वाटीवरचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. त्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी गुडघ्याचा हिशेब होता.

नमाजचा प्रश्न नाजूक निघाला. सजदा आणि कायद्यात बसताना गुडघा जितका मिटतो तितका तो दिवसभरात दुसऱ्या कशानेच मिटत नाही. आजाऱ्याला बसून, तेही जमत नसेल तर पडूनही नमाज पढण्याची सवलत आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी बावीस वर्षांचा मुलगा मशिदीत खुर्चीवर बसला की बुजुर्गांच्या नजरा वळतात. भाऊ लाजेखातर जमिनीवर बसायचा आणि उठताना गुडघा धरायचा. शेवटी पेशइमाम साहेबांनीच त्याच्यासाठी रांगेच्या कडेला खुर्ची मांडून ठेवली. कोणाला किती सवलत, कोणती हालचाल इशाऱ्याने करायची, हे आपल्या मौलानांना विचारून घ्यावं. किती महिन्यांनी पुन्हा जमिनीवर बसायचं, ते सर्जनला.

मला खरी काळजी बायकांची वाटते. एकाच खेळात मुलींचं हे लिगामेंट मुलांपेक्षा दुपटीहून जास्त वेळा तुटतं, हे जगभर दिसून आलं आहे. आणि मोखाड्यात तर खेळाचीही गरज नाही: उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरायचा, आवणाच्या दिवसांत चिखलात रुतलेला पाय काढत वळायचं. घरातल्या मुलाचा गुडघा सुजला तर टेम्पो काढून नाशिक गाठतात. भाकरी थापणाऱ्या हाताचा गुडघा सुजला तर ‘वय झालं’ म्हणतात, मग ती तीस वर्षांची का असेना. ज्यांचं हे लिगामेंट तुटलं त्यांच्यापैकी साधारण निम्म्या लोकांना दहा-वीस वर्षांत सांध्याची झीज होते. विशीत दुर्लक्षिलेला गुडघा चाळिशीत हिशेब मागतो.

भावाची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. गादीचा फाटका भाग थोडा कापावा लागला, तो परत येणार नाही. तो आता गल्ल्यावर बसतो, पोती दुसरं कोणी उतरवतं आणि संध्याकाळी तो शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतो. या पावसाळ्यात कबड्डी खेळताना पडलेल्या एका मुलाला त्याचे मित्र खांद्यावर टाकून दुकानासमोरून नेत होते, हाड बसवणाऱ्याकडे. मामू सांगत होते की हा गल्ला तसाच उघडा टाकून रस्त्यावर धावला आणि त्या पोरांना अडवून पहिलं वाक्य बोलला ते हेच: “किती वेळात सुजला?”